कोण जिंकेल, आणि कोणी धावू नये?

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला लागून एनट्री नावाचे रेसकोर्स आहे. तिथे दर वर्षी, साधारणपणे एप्रिलमधल्या एका शनिवारी, ‘ग्रँड नॅशनल’ ही घोड्यांची शर्यत होते. एरवी वर्षभर रेसकोर्सकडे न फिरकणारे लोकही त्या दिवशी एखाद्या घोड्यावर दोन-पाच पौंड लावतात. ऑफिसांमध्ये चिठ्ठ्या टाकून घोडे वाटून घेतले जातात. वर्तमानपत्रे पान भरून प्रत्येक घोड्याची माहिती छापतात. त्यात वय, पाठीवरचे वजन, मागच्या शर्यतींचे निकाल, झालेली शस्त्रक्रिया आणि शेवटी ‘भाव’ असे सगळे असते.

मी सरकारी रुग्णालयात काम करणारा फिजिशियन आहे, घोड्यांचा डॉक्टर नाही. तरीही हे पान वाचताना मला आमच्या केसपेपरची आठवण होते. ऑपरेशनच्या आधी सर्जन रुग्णाला आमच्याकडे ‘फिटनेस’साठी पाठवतात. आम्ही वय पाहतो, वजन पाहतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो, जुने आजार विचारतो आणि ‘फिट’, ‘धोका पत्करून फिट’ किंवा ‘अनफिट’ असा शेरा मारतो. तो शेरा म्हणजे भविष्य नसते, तो धोक्याचा अंदाज असतो. ग्रँड नॅशनलमधल्या घोड्यांचा अंदाज बांधणे हे असेच काम आहे. शर्यत बघणारे विचारतात, कोण जिंकेल? डॉक्टरला त्याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न दुसरा आहे, कोणी धावू नये?

शर्यत नेमकी काय आहे?

आपल्याकडे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर किंवा पुण्यात ज्या शर्यती होतात, त्या सपाट मैदानावरच्या असतात. महालक्ष्मीवरची इंडियन डर्बी २४०० मीटरची असते आणि अडीच मिनिटांच्या आसपास संपते. ग्रँड नॅशनल हा वेगळाच प्रकार आहे. ती ‘स्टीपलचेस’ म्हणजे अडथळ्यांची शर्यत आहे. स्टीपल म्हणजे चर्चचा मनोरा. १७५२ मध्ये आयर्लंडमध्ये दोन गृहस्थांनी एका गावच्या चर्चपासून दुसऱ्या गावच्या चर्चपर्यंत, वाटेतली कुंपणे आणि ओढे ओलांडत पैज लावून घोडे पळवले, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात.

ग्रँड नॅशनलची अधिकृत सुरुवात १८३९ ची. अंतर सुमारे ६.९ किलोमीटर. मैदानाच्या दोन फेऱ्या आणि एकूण ३० उड्या. सर्वांत उंच अडथळा ‘द चेअर’, सुमारे १.५७ मीटर, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाच्या नाकापर्यंत येणारा. ‘बेचर्स ब्रूक’ या अडथळ्याची पलीकडची बाजू अलीकडच्या बाजूपेक्षा खोल आहे, त्यामुळे उडी मारल्यावर जमीन अपेक्षेपेक्षा उशिरा लागते. पाठीवर सत्तर किलोच्या आसपास वजन घेऊन, ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाने, साधारण नऊ-दहा मिनिटे हे चालते. एका वेळी जास्तीत जास्त ३४ घोडे धावतात.

आता केसपेपर उघडू.

वय

या शर्यतीत सात वर्षांपेक्षा लहान घोड्याला प्रवेश नाही. जिंकणारे बहुतेक घोडे आठ ते अकरा वर्षांचे असतात. सात वर्षांचा घोडा जिंकणे दुर्मिळच. १९४० मध्ये बोगस्कर जिंकला, त्यानंतर थेट २०२२ मध्ये नोबल येट्स. दुसऱ्या टोकाला, तेरा वर्षांचा घोडा शेवटचा जिंकला तो १९२३ मध्ये, त्याचे नाव सार्जंट मर्फी. त्यानंतर शंभर वर्षांत कोणी नाही.

यामागे शरीरशास्त्र आहे. सपाट शर्यतीत दोन-तीन वर्षांचे घोडेही धावतात, कारण तिथे निव्वळ वेग लागतो. अडथळ्यांच्या लांब शर्यतीत हाडे पक्व झालेली हवीत, उडीचा अनुभव हवा आणि दमसास हवा. अकराच्या पुढे मात्र टेंडन, सांधे आणि श्वसन यांची झीज अनुभवावर मात करू लागते. माणसातही मॅरेथॉनपटूचे उत्तम वय शंभर मीटर धावणाऱ्यापेक्षा जरा पुढचे असते, तसेच हे.

वजन

ग्रँड नॅशनल ही ‘हँडिकॅप’ शर्यत आहे. चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कमी कुवतीच्या घोड्यावर कमी, म्हणजे सगळ्यांना संधी. त्यासाठी एक अधिकारी प्रत्येक घोड्याला मागच्या कामगिरीवरून गुण देतो. एका गुणाचा फरक म्हणजे एक पौंड वजनाचा फरक. सर्वाधिक वजन सध्या ११ स्टोन १२ पौंड, म्हणजे सुमारे ७५ किलो. त्यात जॉकी, खोगीर आणि कमी पडल्यास शिशाच्या पट्ट्या, सगळे आले.

वजनाने काय होते ते १९७३ मध्ये जगाने पाहिले. क्रिस्प नावाच्या घोड्यावर १२ स्टोन होते, रेड रमवर १० स्टोन ५ पौंड. फरक २३ पौंड, म्हणजे दहा किलोहून थोडा जास्त. क्रिस्पने जवळजवळ पूर्ण शर्यत एकट्याने पुढे राहून काढली. शेवटचा अडथळा ओलांडल्यावर मात्र त्याचे पाय जड झाले. तो डगमगू लागला आणि अगदी रेषेजवळ रेड रमने त्याला गाठले. दोघांनीही तोवरचा विक्रमी वेळ मोडला होता. नऊ मिनिटे दहा किलो जास्त वाहण्याचा हिशेब शेवटच्या काही पावलांत चुकता झाला. गुडघेदुखीच्या रुग्णांना आम्ही दहा किलो वजन कमी करा म्हणतो तेव्हा त्यांना तो आकडा कागदावरचा वाटतो. त्यांनी क्रिस्पची ती शर्यत जरूर पाहावी.

पूर्वी एक ठोकताळा होता की ११ स्टोनपेक्षा जास्त वजनाचा घोडा इथे सहसा जिंकत नाही. अनेक वर्षे तो चालला. मग २०१५ मध्ये मेनी क्लाउड्स ११ स्टोन ९ पौंडांवर जिंकला, २०२४ मध्ये आय ॲम मॅक्सिमस ११ स्टोन ६ पौंडांवर, २०२५ मध्ये निक रॉकेट ११ स्टोन ८ पौंडांवर. घोडे बलवान झाले म्हणून ठोकताळा मोडला असे नाही. शर्यतीत येणाऱ्या घोड्यांचा सरासरी दर्जा वाढला. २०२४ पासून प्रवेशासाठीचे किमान गुणही १२५ वरून १३० केले गेले. त्यामुळे आता पहिला आणि शेवटचा यांच्यातले अंतर कमी झाले आहे आणि ११ स्टोनच्या वरचे घोडेही बरेच असतात. वैद्यकशास्त्रातही हेच होते. एका लोकसमूहावरून काढलेला निकष समूह बदलला की पुन्हा तपासावा लागतो.

हृदय आणि पांथरी

उभ्या असलेल्या निरोगी घोड्याचे हृदय मिनिटाला तीस ते चाळीस वेळा धडधडते. भरधाव सुटल्यावर तोच आकडा २२० च्या पुढे जातो. माणसाचे हृदय विश्रांतीपासून कमाल ठोक्यांपर्यंत जेमतेम तिप्पट होते, घोड्याचे सहा-सात पट. सुमारे पाचशे किलोच्या या प्राण्याचे हृदय चार-पाच किलोचे असते. अठराव्या शतकातला अजिंक्य घोडा एक्लिप्स १७८९ मध्ये मेला, तेव्हा त्याचे हृदय १४ पौंडांचे, म्हणजे सहा किलोहून अधिक भरल्याची नोंद आहे.

पण घोड्याची खरी करामत प्लीहेत, म्हणजे पांथरीत आहे. मलेरियाच्या रुग्णाच्या डाव्या बरगडीखाली आम्ही बोटांनी चाचपतो तीच पांथरी. घोड्याच्या पांथरीत लाल रक्तपेशींचा मोठा साठा असतो. धाव सुरू झाली की ती आकुंचन पावते आणि हा साठा रक्तात सोडते. रक्तातले लाल पेशींचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असते, ते साठ टक्क्यांच्या वर जाते. माणसात असा रिपोर्ट आला तर आम्ही धावपळ करून त्याचे रक्त काढून टाकू, कारण गुठळी होऊन पक्षाघात व्हायची भीती. घोड्याचे शरीर हे काही मिनिटे सहन करते आणि त्या बदल्यात प्राणवायूची वाहतूक प्रचंड वाढते. वजनाच्या मानाने शर्यतीचा घोडा प्राणवायू वापरतो तो अव्वल मानवी धावपटूच्या सुमारे दुप्पट.

इतक्या मोठ्या हृदयाचा एक तोटा आहे. कर्णिका मोठ्या असल्या की ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा आमच्या ओपीडीत साठीच्या पुढच्या रुग्णांत दिसणारा आजार शर्यतीच्या तरुण घोड्यांतही दिसतो. चालताना काहीच कळत नाही, भरधाव सुटला की एकदम दम संपतो. २००८ चा चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकणाऱ्या डेनमनला त्याच वर्षी हा त्रास झाला. उपचारांनंतर तो परतला आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोठी शर्यत जिंकला. मागच्या शर्यतीत एखादा चांगला घोडा अचानक ढेपाळला असेल, तर ‘संपला’ म्हणण्याआधी त्याचा ईसीजी विचारावा.

श्वास

घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, दमल्यावर तोंड उघडण्याची सोय त्याला नाही. शिवाय भरधाव धावताना त्याचा श्वास टापांशी जोडलेला असतो. एका ढांगेला एक श्वास. प्रत्येक उडीच्या वेळी ही लय क्षणभर मोडते आणि पुन्हा जुळवावी लागते, तीही तीस वेळा. त्यामुळे वाटेत कुठेही अडथळा असेल, तर तो इथे उघडा पडतो.

सर्वांत नेहमीचा अडथळा स्वरयंत्रात असतो. स्वरयंत्राच्या डाव्या बाजूला हलवणारी नस मेंदूकडून थेट गळ्यात येत नाही. ती आधी छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि मग पुन्हा वर येते. जिराफाप्रमाणेच घोड्याच्या लांब मानेत हा प्रवास फार लांबतो आणि नस कमकुवत होते. मग डावा पडदा नीट उघडत नाही आणि धावताना घोड्याच्या घशातून घरघर ऐकू येते. माणसात याच नसेवर छातीतल्या गाठीचा दाब आला की आवाज बसतो. म्हणून तीन आठवड्यांहून जास्त घसा बसलेल्या रुग्णाला आम्ही छातीचा एक्स-रे काढायला सांगतो.

घोड्यात यावर शस्त्रक्रिया करतात, त्याला बोलीभाषेत ‘विंड ऑपरेशन’ म्हणतात. अशा शस्त्रक्रियेनंतर घोडा पहिल्यांदा धावत असेल तर ते जाहीर करणे ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून बंधनकारक आहे. अंदाज बांधणाऱ्यांना ही खूण फार आवडते. पण शस्त्रक्रिया झाली याचा अर्थ त्रास होता, एवढेच नक्की. तो गेला की नाही, हे शर्यतच सांगते.

दुसरा त्रास अधिक गंभीर. भरधाव धावताना घोड्याच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्यांवरचा दाब इतका वाढतो की त्या फुटून थोडे रक्त श्वासनलिकेत येते. बहुतेक घोड्यांत हे थोड्या प्रमाणात होतेच, ते दुर्बिणीतून पाहिल्यावरच कळते. क्वचित ते जीवघेणे ठरते. वर ज्याचा उल्लेख केला तो मेनी क्लाउड्स जानेवारी २०१७ मध्ये चेल्टनहॅमला एक अटीतटीची शर्यत जिंकला आणि काही क्षणांत कोसळून मेला. शवविच्छेदनात फुप्फुसातला तीव्र रक्तस्राव सापडला, आधीचा कोणताही मोठा आजार सापडला नाही. म्हणजे तपासणीत पकडता आले असते असे काही नव्हते. ‘कालच तर ईसीजी नॉर्मल होता’ हे वाक्य आम्हालाही अधूनमधून नातेवाइकांकडून ऐकावे लागते. तपासण्या धोका कमी करतात, शून्य करत नाहीत.

पाय आणि डोळे

घोड्याच्या गुडघ्याखाली जवळजवळ स्नायूच नसतो. हाड, कातडी आणि लांब टेंडन. टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी. ही दोरी प्रत्येक टापेला रबरासारखी ताणली जाते आणि परत येताना ऊर्जा देते, म्हणून घोडा इतक्या कमी श्रमात पळतो. पण ती कामाच्या वेळी तुटण्याच्या मर्यादेजवळच असते. शिवाय भरधाव धावताना तिच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. एकदा तंतू तुटले की तिथे व्रणाची ताठर ऊती भरून येते. बरे व्हायला नऊ महिने ते वर्षभर लागते आणि तीच जागा पुन्हा दुखावण्याची शक्यता राहते. म्हणून एखादा घोडा वर्ष-दीड वर्ष शर्यतीत दिसला नसेल, तर त्याच्या पुढच्या पायांची सोनोग्राफी काय सांगते हा पहिला प्रश्न असतो.

पाय मोडला तर घोड्याला वाचवणे इतके अवघड का, हेही अनेक जण विचारतात. माणसाला सहा आठवडे पलंगावर झोपवता येते. इतक्या वजनाच्या प्राण्याला नाही. तो उरलेल्या तीन पायांवर भार टाकतो आणि मग त्या चांगल्या पायांच्या खुरांमधला आतला थर सुजून सुटू लागतो. अमेरिकेतल्या बार्बारो या घोड्याचा मे २००६ मध्ये शर्यतीत पाय मोडला. उत्तमोत्तम उपचार झाले, हाड सांधलेही जाऊ लागले. पण इतर खुरांना हा विकार जडला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले.

डोळ्यांचे तर मजेशीर आहे. घोड्याला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, काही रंगांध माणसांसारखा. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या पायथ्याच्या फळ्या वर्षानुवर्षे केशरी रंगवल्या जात. माणसाला त्या ठसठशीत दिसतात, घोड्याला हिरवळीत मिसळलेल्या. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दाखवून दिल्यानंतर तिथे केशरीऐवजी पांढरा रंग वापरायला सुरुवात झाली. रंगाचा डबा बदलून अपघात टाळायचा प्रयत्न, सार्वजनिक आरोग्याचे याहून स्वस्त उदाहरण क्वचितच सापडेल.

पाठीवरचा माणूस

जॉकीचाही केसपेपर असतो. पडल्यावर डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय त्याला पुढच्या घोड्यावर बसता येत नाही. डोक्याला मार लागला असेल तर काही काळ सक्तीची विश्रांती. त्याचा जुना शत्रू मात्र वजनकाटा आहे. वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणे आणि घाम गाळणे हा या व्यवसायाचा जुना रोग. त्याने शरीरातले पाणी कमी होते, निर्णय मंदावतात, हाडे ठिसूळ होतात. ब्रिटनमधल्या रेसकोर्सवरच्या सौना खोल्या २०२१ मध्ये कायमच्या बंद झाल्या, ते योग्यच झाले.

जॉकी आणि घोडा यांची सर्वांत प्रसिद्ध वैद्यकीय कथा १९८१ ची आहे. बॉब चॅम्पियन या जॉकीला १९७९ मध्ये वृषणाचा कर्करोग झाला. त्या काळी नव्या असलेल्या केमोथेरपीने तो बरा झाला. अल्दानिती या त्याच्या घोड्याचे टेंडन पूर्वी पुन्हा पुन्हा दुखावले होते. दोघे मिळून १९८१ ची ग्रँड नॅशनल जिंकले. ही कथा मी कर्करोगाच्या रुग्णांना आवर्जून सांगतो, कारण वृषणाचा कर्करोग पसरला तरी बरा होऊ शकतो हे अजून अनेकांना माहीत नाही. पण अंदाज बांधताना ती बाजूला ठेवावी लागते. जिंकलेला एक अल्दानिती लक्षात राहतो, टेंडन दुखावून पागेत निवृत्त झालेले घोडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. गाजलेली एक केस म्हणजे पुरावा नव्हे.

भावाचे गणित

आता शेवटचा रकाना. भाव ७/१ असेल, तर त्याचा अर्थ जिंकण्याची शक्यता जास्तीत जास्त आठात एक, म्हणजे साडेबारा टक्के. ३३/१ म्हणजे चौतिसात एक, सुमारे तीन टक्के. २०२५ चा विजेता निक रॉकेट याच भावाचा होता. २००९ मध्ये मॉन मोम १००/१ वर जिंकला. १९६७ मध्ये तर तेविसाव्या अडथळ्यापाशी घोड्यांची इतकी गर्दी आणि पडापड झाली की मागून रमतगमत आलेला फॉइनेव्हन १००/१ च्या भावाने जिंकून गेला. त्या अडथळ्याला आज त्याचेच नाव आहे.

३४ घोड्यांच्या शर्यतीत सगळे सारखे धरले तर प्रत्येकाची शक्यता सुमारे तीन टक्के. वय, वजन, हृदय, श्वास, पाय हे सगळे बारकाईने तपासून उत्तम जाणकार ती फार तर दहा-बारा टक्क्यांवर नेतो. म्हणजे इतका अभ्यास करूनही तो दहापैकी नऊ वेळा चुकणार. सगळ्या घोड्यांच्या भावांतून निघणाऱ्या टक्क्यांची बेरीज केली तर ती शंभराच्या वर जाते. हे वरचे टक्के भाव देणाऱ्याच्या खिशात जातात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले आहे. कौशल्य आहे हे खरेच, पण ते ही वजाबाकी दर वेळी भरून काढेल याची हमी नाही. जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला आजार आहे. हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा लावणे आणि घरच्यांपासून लपवणे ही त्याची लक्षणे. ती मोबाइलवरच्या बेटिंगलाही तशीच लागू पडतात. अशी लक्षणे दिसली तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जरूर यावे.

अनफिटचा शेरा

कोण जिंकेल हे सांगण्यात आपण दहापैकी नऊ वेळा चुकतो. कोणी धावू नये हे सांगण्यात मात्र सुधारणा करता येते, आणि तिथेच जीव वाचतात.

ब्रिटनमधल्या अडथळा शर्यतींत दर हजार सहभागांमागे सुमारे चार घोडे मरतात. २०१२ च्या ग्रँड नॅशनलमध्ये दोन घोडे गेले. पुढच्या वर्षी अडथळ्यांच्या आतला लाकडी सांगाडा काढून लवचीक प्लास्टिकचा बसवला. २०२३ मध्ये हिल सिक्स्टीन पहिल्याच अडथळ्यावर पडून मेला. २०२४ पासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ केली. पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेजवळ आणला, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत वेग कमी राहील. मागच्या आठ शर्यतींपैकी निम्म्या किंवा अधिक शर्यतींत उडीत चुका केलेल्या घोड्यांची नोंद एक समिती बारकाईने तपासू लागली. पशुवैद्यांची तपासणीही प्रत्येक घोड्याची होते.

२०२४ मध्ये ३२ घोडे धावले आणि निकालात एकाही घोड्यापुढे ‘पडला’ अशी नोंद झाली नाही. मागच्या वर्षीचा विजेता कोराच रॅम्बलर याच्यासह काहींचे जॉकी मात्र खाली आले. प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. अशा वेळी आम्ही संख्याशास्त्रातला एक साधा नियम वापरतो. ३२ जणांत एकही दुर्घटना झाली नाही, तर तीनला ३२ ने भागा. येते सुमारे नऊ टक्के. म्हणजे पडण्याचे खरे प्रमाण शून्यापासून नऊ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते, एका चांगल्या वर्षावरून याहून जास्त काही म्हणता येत नाही. नवे औषध वीस रुग्णांना दिले, कोणालाच त्रास झाला नाही, म्हणून ते निर्धोक ठरत नाही, तेच गणित. २०२५ मध्ये सेलेब्र दॅलेन शर्यतीच्या अखेरीस कोसळला आणि काही दिवसांनी मेला. तो तेरा वर्षांचा होता. घोडा थकलेला दिसत असताना त्याला पळवत ठेवल्याबद्दल जॉकीवर निलंबनाची कारवाई झाली.

इथे घोडा आणि माझा रुग्ण यांत एक मोठा फरक आहे. ऑपरेशनचा धोका मी रुग्णाला समजावतो आणि तो ‘नको’ म्हणू शकतो. घोडा म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने मालक, ट्रेनर, पशुवैद्य आणि शेवटी लगाम धरलेला जॉकी, एवढेच लोक बोलू शकतात. त्यातल्या एकाने जरी वेळीच ‘आज नको’ म्हटले, तर बाकीच्यांनी ते ऐकायला हवे. फिटनेसच्या कागदावर ‘अनफिट’ लिहिले की सर्जन नाराज होतो, नातेवाईक चिडतात, तारीख पुढे जाते. तरीही ते लिहावे लागते.

पुढच्या एप्रिलमध्ये कधी हे पान तुमच्या हाती आले, तर घोड्याच्या नावापुढची अक्षरे नीट पाहा. ‘एफ’ म्हणजे घोडा पडला, ‘यू’ म्हणजे जॉकी पडला, ‘पी’ म्हणजे जॉकीने घोड्याला मध्येच थांबवून शर्यत सोडली. पैसे लावणारे ‘पी’ दिसला की पुढे सरकतात, कारण त्यांच्या हिशेबी ते अपयश आहे. मी त्या अक्षरापाशी थांबतो. लाखो लोक पाहत असताना, भाव लागलेले असताना, कोणीतरी आपल्या खालच्या प्राण्याचा श्वास ओळखला आणि लगाम खेचला. तो घोडा चालत घरी गेला, आणि पुढच्या मोसमात पुन्हा धावू शकेल.